नकार तुमचा, पैसे माझे

भाड्याच्या घरासाठी अर्ज करायचा, घर 'धरून ठेवायला' म्हणून टोकन भरायचं, आठवडाभर फोनकडे डोळे लावून बसायचं आणि मग निरोप येतो : मालकांनी दुसऱ्या पार्टीला द्यायचं ठरवलंय. आणि पैसे? टोकन परत मिळत नसतं, पावती वाचा. या प्रसंगावरचा वाद मी बरीच वर्षं ऐकत आलोय आणि दर वेळी तो त्याच दोन भिंतींवर आपटून परत येतो. एक बाजू म्हणते, मालक आणि एजंट यांची लुटारू टोळीच आहे. दुसरी म्हणते, सही करताना झोपला होतात का? पहिल्या बाजूकडे संताप आहे, दुसरीकडे कागद आहे, आणि कागदापुढे संतापाचं काही चालत नाही. गंमत अशी की दोन्ही बाजू माणसांच्या स्वभावाबद्दलच बोलत असतात. लबाड कोण, बावळट कोण. मुळातला प्रश्न मात्र हिशेबाचा आहे : ते पैसे कशापोटी दिले होते, आणि ती गोष्ट झाली का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घर देणाऱ्याने नकार दिला, तर अर्जदाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, त्याने मागे लागण्याआधी, पूर्ण परत गेले पाहिजेत. त्याला अपवाद दोनच. अर्जदाराने जाणूनबुजून खोटी माहिती दिली असेल, किंवा होकार मिळण्याच्या बेतात असताना त्याने स्वतःच पाय मागे घेतला असेल. चौकशीचा खर्च घ्यायचा तर तो वेगळा, आधी सांगून, बिलासकट. पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' छापलं होतं की नाही, यावर नकार मिळालेल्या माणसाचा हक्क ठरता कामा नये.

या वादात अर्धा घोळ शब्दांनी घातलेला आहे. अनामत, बयाणा, टोकन, डिपॉझिट, फी हे पाचही शब्द एकाच रकमेसाठी, सोयीप्रमाणे वापरले जातात. घेताना ती 'अनामत' असते, म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली. अमानत हाच तो शब्द. मध्ये ती 'बयाणा' होते, म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण. आणि परत करायची वेळ आली की तिची 'फी' होते. एकच नोट तीन वेळा नाव बदलते, आणि प्रत्येक बारशाला अर्जदार हजर नसतो! पण ही नावं म्हणजे नुसती लेबलं नव्हेत, प्रत्येकाचा कायदा निराळा आहे. अनामत ठेवलेल्याची असते. बयाणा सौदा झाल्यावरच अर्थपूर्ण होतो. फी काम केल्याची असते. आता विचारा : ज्याला घर नाकारलं, त्याची ठेव संपली का? सौदा झाला का? काम झालं असेल तर ते कोणतं, कितीचं?

'डिपॉझिट जप्त झालं' हा वाक्प्रचार आपण निवडणुकीतून उचलला. तिथला नियम मात्र कुणी नीट बघत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे उमेदवाराला अनामत भरावी लागते, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण छाननीत अर्जच बाद झाला तर? अनामत परत. मुदतीत अर्ज मागे घेतला तर? तरीही परत. कारण जप्ती ही मैदानात उतरून हरण्याची किंमत आहे, दारातून परत पाठवलं जाण्याची नाही. सरकारी टेंडरचं तेच. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनुसार ज्यांची निविदा मंजूर झाली नाही त्यांची बयाणा रक्कम काम दुसऱ्याला दिल्यापासून उशिरात उशिरा तिसाव्या दिवसापर्यंत परत जायला हवी. जो निविदा भरून मध्येच पळ काढतो त्याची मात्र जप्त होते. सरकारी खात्यांना कुणी उदार म्हणणार नाही, पण नाकारलेला आणि पळालेला यांच्यातला फरक त्यांनाही कळतो. तो फरक दोन खोल्यांच्या घराच्या बाबतीत कळेनासा का व्हावा?

हा फरक काही अलीकडचा शोध नाही. बयाण्याला रोमन कायद्यात जो शब्द होता, 'अर्रा', तो सेमिटिक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्यांकडून ग्रीकांकडे आणि तिथून रोमला गेला. म्हणजे ही चाल राज्यांपेक्षा व्यापाऱ्यांची. सम्राट जस्टिनियनच्या इसवी सन ५३३ मधल्या संहितेत तिचा नियम स्वच्छ लिहिलेला आहे : घेणारा फिरला तर त्याचा बयाणा बुडाला, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत द्यायचा. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेनेही विक्रीच्या वचनासाठी हेच कलम घेतलं. म्हणजे बयाणा हा पहिल्यापासून दुधारी होता. आपण त्याची एकच धार ठेवली आणि ती घर शोधणाऱ्याकडे वळवली. परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी, 'टोकन बुडतंच, पूर्वीपासून असंच आहे' म्हणणाऱ्यांनी, निदान ती परंपरा पूर्ण वाचावी.

आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार म्हणणं आहे त्याकडे येतो. परीक्षेची फी नापास झालं म्हणून परत मिळते का? व्हिसा नाकारला तर दूतावास पैसे देतो का? अर्ज तपासायला कुणाचा तरी वेळ जातो, ओळखपत्रं बघावी लागतात, आधीच्या मालकाला फोन करावा लागतो. हे काम नकारातही होतं. किंबहुना नकारात जास्तच होतं. मला हे पूर्ण मान्य आहे. केलेल्या कामाचा मोबदला निकालावर अवलंबून नसतो. पण मग त्याला फी म्हणा आणि फीसारखं वागवा. न्यूयॉर्क राज्याने २०१९ च्या कायद्यात हेच केलं : अर्जाच्या नावाखाली पैसे घ्यायचे नाहीत. फक्त पार्श्वभूमी आणि आर्थिक पत यांच्या तपासणीचा प्रत्यक्ष खर्च घ्यायचा, तोही जास्तीत जास्त वीस डॉलर, आणि तपासणीचा अहवाल अर्जदाराच्या हातात द्यायचा. अर्जदाराने गेल्या तीस दिवसांतला स्वतःचा अहवाल आणला तर तेवढेही नाहीत. कॅलिफोर्नियात तपासणी फीतली न वापरलेली रक्कम परत करावी लागते. परीक्षेची तुलना करणाऱ्यांनी एवढंही लक्षात घ्यावं की परीक्षा मंडळ निदान गुणपत्रिका देतं.

माझी गुणपत्रिका मी एकदा मागितली होती. अर्ज नाकारल्याचं कळवताना एजंटने टोकनातून 'व्हेरिफिकेशन चार्जेस' कापून उरलेली रक्कम पाठवली. जवळपास निम्मी गेली होती. मी अहवाल मागितला. तीन दिवस 'पाठवतो, पाठवतो' झालं, मग एका छापील फॉर्मचा वाकडा फोटो आला. नोकरीच्या रकान्यात 'ओके'. ओळखपत्र, 'ओके'. आधीच्या घरमालकाच्या रकान्यात 'संपर्क झाला नाही'. मी त्या घरमालकीणबाईंना फोन केला, तर त्यांच्याकडे कुणाचा मिस्ड कॉलसुद्धा नव्हता. मग फोटो मोठा करून बघितला. त्यांच्या नंबरातला सातवा आकडा उतरवताना चुकला होता. म्हणजे जे तपासलं त्यात मी पास, जे तपासलंच नाही त्याचेही पैसे माझेच. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही (थोडं तक्रार म्हणूनही सांगतो). सांगायचं एवढंच की अहवाल मागितला नसता तर हा आकडा मला कधीच दिसला नसता. बिल दाखवायची सक्ती नसेल तिथे खर्च नेहमी कापणाऱ्याच्या मर्जीएवढाच का येतो, याचं उत्तर त्या फोटोत होतं.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे : तुमच्या अर्जासाठी मी आठवडाभर घर अडवून ठेवलं, तेवढे दिवस दुसरं गिऱ्हाईक सोडलं, ते नुकसान कोण भरणार? घर रिकामं राहण्याचा खर्च खरा असतो. विशेषतः ज्याचं एकच घर आहे आणि त्याच भाड्यावर कर्जाचा हप्ता चालतो, अशा मालकाला तो फार लागतो. त्याला लुटारू म्हणणं अन्यायाचं आहे. पण इथे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. घर खरंच अडवलं होतं का? एकाच घरासाठी चौघांकडून टोकन घेतलं असेल, तर अडवलेलं होतं ते घर नव्हे, चौघांचे पैसे. इंग्लंडच्या २०१९ च्या कायद्याने हे बरोबर हेरलं. तिथे घर धरून ठेवायची रक्कम एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि एकाची रक्कम हातात असताना त्याच घरासाठी दुसऱ्याची घेता येत नाही. दुसरा प्रश्न : नुकसान झालं असेल तर ते कुणाच्या निर्णयामुळे? अर्जदार तयार होता, कागद दिले, पैसे भरले. नको म्हणालात तुम्ही. आपल्या निवडीची किंमत न निवडलेल्या माणसाकडून वसूल करायची, हा कुठला न्याय?

नुकसानीशिवाय जप्ती नाही, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात बजावलं, आणि तो खटला मुद्दाम आठवण्यासारखा आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या १९८२ च्या लिलावात या कंपनीने एका भूखंडासाठी ३.१२ कोटींची बोली लावली, चौथा हिस्सा म्हणजे ७८ लाख बयाणा भरला. उरलेल्या रकमेचं प्रकरण वर्षानुवर्षं लांबत गेलं, शेवटी प्राधिकरणाने सौदा रद्द करून बयाणा जप्त केला, आणि तोच भूखंड १९९४ मध्ये ११.७८ कोटींना विकला. न्यायालयाचा सवाल सरळ होता : तुमचं नुकसान झालं कुठे? १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७४ वाजवी भरपाई देतं, बक्षीस देत नाही. ७८ लाख परत करायला लावले. आता हेच माप भाड्याच्या घराला लावून बघा. तुम्हाला नाकारलं ते बहुतेक वेळा जास्त भाडं देणारा किंवा अधिक पसंत पडलेला माणूस मिळाला म्हणून. ज्या नकारातून मालकाचा फायदाच झाला, त्या नकाराची भरपाई मागायची?

'मग कुणीही दहा ठिकाणी अर्ज टाकेल, गांभीर्य कसं कळणार?' हा प्रश्न मला खरंच विचार करायला लावणारा वाटला होता. पैसे अडकलेले असले की माणूस उगाच हेलपाटे मारायला लावत नाही, हे खरं आहे. पण गांभीर्य दाखवायला पैसे बुडण्याची भीती नेमकी कशाची हवी? स्वतः माघार घेण्याची. ती भीती माझ्या नियमात तशीच राहते. निवडल्यावर पळालात तर रक्कम गेली. नकारातही रक्कम बुडणार असेल, तर गंभीर माणूस आणि हौशी माणूस यांना सारखाच फटका बसतो, आणि मग त्या रकमेवरून गांभीर्य ओळखायचं कसं? उलट जो प्रामाणिकपणे एकाच घरासाठी थांबतो आणि नाकारला जातो, तो पुढच्या वेळी शहाणा होऊन दहा ठिकाणी चाचपणी करतो. शिवाय एक कडू गोष्ट आहे, ती बोलली जात नाही. नकार देऊन पैसे ठेवता येत असतील, तर नकार हाच धंदा होतो. घर भाड्याने देण्यापेक्षा ते दाखवत राहणं फायद्याचं ठरतं. सगळे तसं करतात असं मी म्हणत नाही, पण जो तसं करतो त्याला रोखायची सोय कुठे आहे?

आता सहीवाल्यांकडे वळू. सही केली म्हणजे मान्य केलं, हे तत्त्व चुकीचं नाही. त्यावाचून व्यवहार चालणारच नाहीत. पण कशाला मान्य केलं? घर मिळण्याआधीचा हा टप्पा आहे, करार अजून व्हायचाय. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या अपील न्यायालयासमोर चिलिंगवर्थ विरुद्ध एश हा खटला आला. जमीन घेणाऱ्यांनी 'रीतसर करार होईल या अटीवर' रक्कम भरली होती, आणि करार तयार झाल्यावर सही करायला त्यांनीच नकार दिला. तरी न्यायालयाने रक्कम परत करायला लावली, कारण करारच झाला नाही तर जप्ती कशाच्या आधारावर? तिथे तर फिरले होते पैसे भरणारेच. आमच्या नाकारलेल्या अर्जदाराने तर काहीच केलेलं नाही. आणि अट दिसली कधी, हाही प्रश्न आहे. मी पाहिलेल्या बहुतेक पावत्यांवर 'नॉन-रिफंडेबल'चा शिक्का असतो, तिरका, जांभळ्या शाईचा, आणि तो मारला जातो पैसे मोजून खणात गेल्यावर. १९४९ मध्ये एका इंग्लिश हॉटेलने पाहुणीच्या चोरीला गेलेल्या फरकोटाची जबाबदारी झटकली, कारण खोलीत तशी पाटी लावलेली होती. न्यायालय म्हणालं, बाईंनी व्यवहार केला खाली काउंटरवर, पाटी दिसली वर गेल्यावर. ती अट त्यांना लागू नाही. जांभळा शिक्का हीही वरच्या मजल्यावरचीच पाटी आहे.

खोट्या माहितीचा अपवाद मी मनापासून मान्य करतो, फक्त त्याचं तोंड फार रुंद होऊ देता कामा नये. बनावट पगारपत्रक जोडलं तर पैसे जावेत, अगदी सगळे. पण कापून हातात येणारा पगार लिहायचा की एकूण, हे फॉर्मवर नसेल आणि अर्जदाराने एकूण लिहिला, तर ती लबाडी नव्हे. इंग्लिश कायद्यात पैसे ठेवायचे असतील तर का ठेवले ते सात दिवसांत लेखी कळवावं लागतं, नाहीतर ते परत करावे लागतात. हे 'लेखी' मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तोंडी कारण दर फोनला बदलतं. पहिल्या फोनला पगार कमी असतो, दुसऱ्याला मालकाचा भाचा येणार असतो.

या सगळ्याचा बोजा शेवटी भाड्यावरच येईल, असं अर्थशास्त्र जाणणारे मित्र सांगतात. येईलही. मला चालेल. भाडं भरतो तो, ज्याला घर मिळालं. बुडलेलं टोकन भरतो तो, ज्याला मिळालं नाही. आणि न मिळणारी माणसं योगायोगाने निवडली जात नाहीत. नाव, धर्म, रंग, एकटी बाई, तान्हं मूल, अनियमित पगार यांपैकी कशावरून तरी ज्याला चार दारांतून परत पाठवतात, तो चार वेळा टोकन हरतो. पाचव्या घराच्या खऱ्या डिपॉझिटला त्याच्याकडे पैसे उरत नाहीत, आणि मग त्याच कारणाने पाचवा नकार. नाकारलं जाण्यावरचा हा कर आहे, आणि तो सर्वांत जास्त नाकारल्या जाणाऱ्यांवर सर्वांत जास्त पडतो.

राहिली मौनाची गोष्ट. प्रत्यक्षात फार थोड्यांना स्पष्ट नकार मिळतो. मिळतं ते 'बघतो, कळवतो'. एजंट म्हणतो पैसे मालकाकडे आहेत, मालक म्हणतो मी एजंटकडून काही घेतलंच नाही, आणि त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत रक्कम पडून राहते. म्हणून पैसे देतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : रक्कम कुणाकडे राहणार, निर्णयाची शेवटची तारीख कोणती, आणि त्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर तो नकार समजायचा. इंग्लंडमध्ये वेगळं लेखी ठरलं नसेल तर ही मुदत पंधरा दिवसांची असते, आणि त्यानंतर सात दिवसांत पैसे परत. यात अवघड काही नाही. रोख न देता बँकेतून द्यावेत, शेऱ्यात घराचा पत्ता टाकावा, एवढ्यावर पुढचं अर्धं भांडण टळतं. जो माणूस हे लिहून द्यायला तयार नाही, तो नकाराची तयारी आधीच करून बसलाय असं मी धरून चालतो.

एका प्रसंगात मात्र मला नुसती एकपट परतफेड पुरेशी वाटत नाही. होकार दिला, तारीख ठरली, अर्जदाराने जुन्या घराला नोटीस दिली, आणि मग चार पैसे जास्त देणारा भेटला म्हणून मालक फिरला. इथे दुप्पट परत द्यावी, जस्टिनियनच्या हिशेबाने. मालकमंडळींना हे ऐकून घाम फुटेल, म्हणतील हा कसला बयाणा! मग त्याला बयाणा म्हणू नका. आणि तो बयाणा नसेल, तर जप्त करायचं कारण संपलं. तो जांभळा शिक्का खणात ठेवा.